२५ हजारांत घरी एस्प्रेसो : मशीन कुठलं घ्यावं, ग्राइंडर कुठला?

हतनूर_काठ (धागाकर्ता), १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज धागा काढतोच. आम्ही भुसावळला असतो. बायको लग्नाआधी सहा वर्षं बंगळूरला नोकरीला होती, तिथली कॉफीची सवय ती इकडे घेऊन आली आणि मलाही लागली. घरी ॲल्युमिनियमचा मोका पॉट आहे, गॅसवर ठेवायचा, त्यात कॉफी छान होते, तक्रार नाही, पण ती एस्प्रेसो नव्हे हे आता दोघांच्याही जिभेला कळतं. नोव्हेंबरच्या शेवटी तिचा वाढदिवस आहे, तोपर्यंत घरात एस्प्रेसोची सोय करायचीच असं ठरवलंय.

बजेट मशीन आणि ग्राइंडर मिळून २५ हजार, फारच ओढाताण केली तर २८. सकाळी दोन कप, रात्री जेवणानंतर एखादा. ती दुधाची पिते, मी कोरी.

अडचण अशी की प्रत्यक्ष बघावं तर इथे कुणी ठेवत नाही. जळगावला एका दुकानात दोन डबे दिसले, एकावर १५ बार (दाबाचं माप) लिहिलेलं, दुसऱ्यावर २० बार, सेल्समनला विचारलं तर म्हणे २० वालं भारी. ऑनलाइन बघावं तर ५ हजारांपासून ५ लाखांपर्यंत सगळं आहे. त्यात आमचं पाणी बोअरचं, मीटर बुडवला तर टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ७८० दाखवतो, गीझरचं कॉइल दीड वर्षात जातं. उन्हाळ्यात लाइटीचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. आणि मशीन बिघडलंच तर सर्व्हिस सेंटर थेट पुण्या-मुंबईला.

तर काय घेऊ? आणि मुळात ग्राइंडर वेगळा लागतो का, घरात ७५० वॅटचा मिक्सर आहे. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

सातपुडा_पायथा, रात्री ९:५२

वाचतोय. चोपड्याहून, हाच प्रश्न घेऊन.

पांझराकाठ, रात्री १०:३०

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. ग्राइंडर वेगळा लागतोच.

मी धुळ्यात तीन वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच निघालो होतो. सगळे पैसे मशीनमध्ये घातले आणि बिया मिक्सरला फिरवल्या. बटण दाबलं की आठ-नऊ सेकंदांत कप भरायचा, वर फिकट फेस, आणि चव एकाच घोटात आंबट पण आणि कडू पण. चार महिने मी मशीनलाच दोष देत होतो. मग मुंबईच्या मित्राने त्याचा हातग्राइंडर आठवडाभर वापरायला दिला. मशीन तेच, बिया त्याच. पहिल्या दिवशी एवढं बारीक दळलं गेलं की थेंबसुद्धा पडेना. दुसऱ्या दिवशी तीन क्लिक सैल केलं आणि काकवीसारखी धार सुरू झाली, आधी गडद तपकिरी मग हळूहळू सोनेरी, मी घड्याळाकडे बघत उभा, २७ सेकंद. तो कप अजून आठवतो.

आकडे सांगून ठेवतो, सुरुवात इथूनच करतात: १८ ग्रॅम पूड, त्यातून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी, २५ ते ३० सेकंदांत, पाणी ९० ते ९६ अंश आणि दाब ९ बार. डब्यावरचे १५ नि २० बार म्हणजे पंपाची कमाल ताकद, कॉफीला लागतात ९ च. त्यामुळे २० वालं भारी असं काही नसतं. उलट ५ हजारांच्या मशीनमध्ये बऱ्याचदा पंपच नसतो, नुसत्या वाफेच्या दाबावर काम चालतं, ते चुकूनही घेऊ नका, ते तुमच्या मोका पॉटपेक्षा वेगळं काही देणार नाही.

बजेटचा निम्मा भाग ग्राइंडरला काढून ठेवा आणि मग उरलेल्यात मशीन बघा. लोक नेमकं उलटं करतात.

दाळमिल_जळगाव, रात्री १०:५८

पांझराकाठ +१. कॉफीतलं मला फार कळत नाही पण दळण्यातलं कळतं, घरची दाळमिल आहे, तिसरी पिढी.

मिक्सर दळत नाही, फोडतो. पातं दाण्यावर आपटतं, एक दाणा चार वेळा सापडला त्याचं पीठ झालं, शेजारचा निसटला तो तसाच राहिला. वेळ वाढवून उपयोग नाही, पिठाचं आणखी पीठ होतं. जात्यात तसं नसतं, तिथे दोन तळ्यांमधली फट ठरवते की दाणा केवढा होऊन बाहेर पडायचा. आमची आजी डाळ भरडायला बसली की मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून वरची तळी किंचित उचलायची, आणि तेवढ्याने पीठ यायचं ते भरड यायला लागायचं. चिंधीचा एक वेढा. कॉफीच्या ग्राइंडरला ज्याला बर म्हणतात ते म्हणजे जातंच, आतला शंकू फिरतो आणि बाहेरचं कडं जागेवर. तुम्ही जे क्लिक-क्लिक करता ती आजीची चिंधी.

आता पांझराकाठांच्या आंबट-कडूचं. पीठ झालेल्या भागातून पाणी सगळं ओढून घेतं, अगदी नको ते पण, म्हणून कडू. भरड राहिलेल्या भागातून काहीच निघत नाही म्हणून आंबट. दोन्ही एकाच कपात. आमच्या धंद्यातही मालात चुरी आणि पीठ मिसळलं की भाव पडतो, चाळण्या लावून वेगळं तरी करता येतं, तुमच्या कपात चाळणी कुठून लावणार.

हतनूर_काठ, रात्री ११:१५

वा, चिंधीचं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं. एक शंका, १८ ग्रॅम हाताने दळायला वेळ किती आणि जोर किती लागतो? तिला मनगटाचा थोडा त्रास आहे.

पांझराकाठ, रात्री ११:३२

बरच्या आकारावर आहे. ३८ मिमीचा बर असेल, म्हणजे टाइममोअर सी२ ह्या हातग्राइंडरसारखा, तर एस्प्रेसोच्या बारकाईला दीड-दोन मिनिटं जातात. ४८ मिमीचा असेल तर मिनिटभरात काम होतं आणि जोरही कमी लागतो. शिवाय सी२ हा मुळात ओतून करायच्या कॉफीसाठी आहे, त्याचे क्लिक एस्प्रेसोला फार मोठे पडतात, एका क्लिकवर धार थांबते आणि पुढच्या क्लिकवर नळ सुटतो, मधलं काही सापडतच नाही. किंगग्राइंडर के६ ला एका क्लिकला बरची फट १६ मायक्रॉनने बदलते, वनझीप्रेसो जे-अल्ट्राला ८. तुमच्या बजेटात के६ च्या वर्गातला बघा. विजेवरचा चांगला एस्प्रेसो ग्राइंडर घ्यायचा तर सगळं बजेट त्यातच संपेल. आणि लाइट रोस्ट, म्हणजे कमी भाजलेल्या, बिया फार टणक असतात, मनगटाचा त्रास असेल तर मीडियम-डार्कच घ्या.

कळणाभाकर, १३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. २५ हजार म्हणजे तीन क्विंटल कापसाचे पैसे. आमच्या घरी पितळेचा साउथ फिल्टर आहे, रात्री पूड भरून उकळतं पाणी ओतायचं, सकाळी दाट डिकॉक्शन तयार. ना पंप, ना लाइट, ना सर्व्हिस सेंटर. बारा वर्षं झाली, एक जाळी बदलली फक्त. घरात चार माणसं, सगळ्यांना एकदम मिळते. दुधाची कॉफी प्यायची असेल तर ह्याच्यावर एवढा खर्च करणं मला तरी पटत नाही.

शहाद्याची_माहेरवाशीण, सकाळी ८:२०

कळणाभाऊ, तुमच्या फिल्टरला नमस्कारच आहे, माझ्याही घरी आहे. पण ताईंना जे हवंय ते वेगळं आहे. फिल्टरमधून दाट येतं पण तो जड, तेलकट, जिभेवर रेंगाळणारा घोट दाबाशिवाय येत नाही. आणि माणूस वाढदिवसासाठी घेतोय, तिथे कापसाचा हिशोब कशाला.

मी लिहायला आले ते आतच ग्राइंडर असलेल्या मशीनबद्दल, कारण ते बघून मन पाघळतं. सगळं एकात, ओट्यावर जागा कमी लागते, दिसायला सुंदर. आम्ही बजेट वाढवून, हप्त्यावर घेतलं. चौदा महिन्यांत ग्राइंडरमध्ये काहीतरी अडकलं आणि मोटर गुरगुरून बंद. मशीनची बाकी सगळी तब्येत ठणठणीत पण कंपनी म्हणे अख्खं पाठवा. खोका टाकून दिलेला, मिस्टरांनी थर्माकोल आणून सुताराकडून पेटी करून घेतली, शहाद्याहून मुंबईला पाठवलं, सात आठवड्यांनी आलं तेव्हा पाण्याच्या टाकीला तडा. ते सात आठवडे कॉफी पण नाही आणि ग्राइंडर पण नाही. वेगळं वेगळं घेतलं असतं तर एक तरी चालू राहिलं असतं. आपल्या भागात राहणाऱ्याने हे आधी धरून चालावं, की दुरुस्ती म्हणजे महिना-दीड महिना.

वायरमन_शिरपूर, सकाळी ९:१०

लाइटीचं मी सांगतो. ही मशीन्स साधारण १३०० ते १४५० वॅटची असतात, म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास. छोट्या पॉइंटला लावू नका, १६ अँपिअरच्या मोठ्या पॉइंटला लावा, अर्थिंग तपासून घ्या. घरच्या ८५०-९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर चालणार नाही, प्रयत्नही करू नका. स्टॅबिलायझर लावायचा तर २ केव्हीएचा, त्याचे पैसे बजेटात धरा.

आणि व्होल्टेज पडलं की काय होतं ते समजून घ्या. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. २३० चे १८० झाले तर हीटर ६० टक्क्यांवर येतो. पाणी तापायला वेळ, पंपाचा जोर कमी. मे महिन्यात संध्याकाळी सातला सगळे कूलर चालू असताना तुमच्या घरी किती व्होल्टेज येतं ते एकदा मोजा आणि मग ठरवा.

न्यूजर्सी_पाचोरा, सकाळी १०:४५

दिवाळीला येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवायचा विचार कुणाच्याही मनात येईल म्हणून आधीच सांगतो, अमेरिकेतून मशीन मागवू नका. इथलं ते ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं. एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे बॅटरीएवढं धूड, आणि वॉरंटी तिकडे चालत नाही. हातग्राइंडर मात्र बिनधास्त मागवा. त्याला ना व्होल्ट ना हर्ट्झ, बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून येतो. मी दोन आणलेत, एक पाचोऱ्याला आत्याकडे आहे, ती त्यात मिरीसुद्धा दळते, नको म्हटलं तरी.

दाळमिल_जळगाव, सकाळी ११:००

आत्यांना सांगा मिरीचा वास कॉफीला कायमचा राहील. मसाल्याचं आणि धान्याचं जातं आपल्याकडे कधी एक नसतं.

तापीमायना_पोऱ्या, दुपारी १:१५

भाऊ, हाई मशीनवर येक टाईमले दोन कप व्हतीन. पन आपला घर पाहुणा येतस ते आठ-दहा. मंग काय करशात?

शहाद्याची_माहेरवाशीण, दुपारी १:४०

रास्त प्रश्न आहे दादा. पाहुण्यांना चहा किंवा कळणाभाऊंचा फिल्टर. एस्प्रेसो एकेकाला करून द्यायची गोष्ट आहे, आठ जणांना करायला बसलं तर पहिल्याची गार होते तरी आठव्याची यायची असते. मोका पॉट पण विकू नका, ठेवा.

मूलद्रव्य_अमळनेर, दुपारी ३:३०

रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे ७८० वाचून राहवेना. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, पाणी तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतं, तुमच्या गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर तो हाच. कॉफी मशीनमध्ये पाण्याच्या वाटा काडीएवढ्या, तिथे हा थर बसला की संपलं. हे पाणी मशीनमध्ये थेट घालणं म्हणजे पैसे पाण्यात घालणंच.

पण नुसतं आरओचं पाणीही योग्य नाही. ३० टीडीएसच्या पाण्यात कॉफी मिळमिळीत लागते, चव खेचायला थोडे क्षार लागतात. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या निकषात १५० च्या आसपास पाणी उत्तम धरलंय, ७५ ते २५० चालतं. तेव्हा मिसळा. तुमचं आरओ ३० देत असेल आणि बोअर ७८०, तर एका लिटरमध्ये १३० मिली बोअरचं आणि ८७० मिली आरओचं, साधारण १२५-१३० येईल. हे बोअरचं पाणी पिण्यालायक आहे अशी तपासणी झालेली असेल तरच बरं का, नसेल तर आरओवरच टीडीएसचा स्क्रू असतो तो मेकॅनिककडून फिरवून घ्या. दोन-तीन महिन्यांनी लिंबूसत्व घालून मशीनमधून पाणी फिरवायचं, लिटरला वीसेक ग्रॅम, मग दोन टाक्या साधं पाणी. कंपनीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. व्हिनेगर नको, वास जाता जात नाही.

सोनकाटा, सायंकाळी ५:२०

जळगावचा, सराफीत आहे. सगळे ग्रॅम ग्रॅम म्हणताय पण काटा कुणी सांगितलाच नाही! किचनचा एक ग्रॅमने उड्या मारणारा काटा चालणार नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या. एक गुंज म्हणजे साधारण ०.१२ ग्रॅम, तोळ्याला ९६ गुंजा, म्हणजे तुम्हाला गुंजेएवढा फरक कळला की पुरे. आमच्यासारखा ०.०१ वाला घ्यायची गरज नाही, तो पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो. हजाराच्या आत मिळतो. मी स्वतः दुकानात मोका पॉटच पितो पण पूड मोजून घालतो, कॉफी रोज सारखी होते ह्याचं अर्धं श्रेय काट्याचं.

वाघूर_डोह, रात्री ९:१५

सगळा धागा वाचला. पाणी खराब, लाइट बेभरवशाची, सर्व्हिस सेंटर चारशे किलोमीटरवर, बजेट २५. मग पंपाचं मशीन घ्यायचंच कशाला? हाताने दाबायचं लिव्हर घ्या. फ्लेअर किंवा कॅफेलॅट रोबोट ह्या जातीचं. त्यात हीटर नाही, पंप नाही, वायरच नाही. गॅसवर पाणी उकळायचं, वर ओतायचं आणि दांडा दाबायचा, दाब तुमच्या हातात. क्षार साठायला आत बॉयलरच नाही. बिघडणार काय, तर एखादं रबराचं वायसर, ते पाकिटातून येतं.

आणि ही काही जुगाडाची गोष्ट नाही. आज आपण ज्याला एस्प्रेसो म्हणतो, वर सोनेरी साय असलेली, ती दांड्यानेच जन्माला आली. मिलानच्या आकिले गाज्जाने १९३८ साली पेटंट घेतलं आणि युद्धानंतर दांड्याची मशीन्स बाजारात आणली, त्याआधी वाफेच्या दाबावरची कॉफी होती, तिला ही साय नव्हती. विजेच्या पंपाचं फाएमा कंपनीचं ई६१ मशीन आलं १९६१ ला. तर दांडा हा जुना आणि खानदानी रस्ता आहे.

मी अडीच वर्षं वापरतोय, जळगावात. मागच्या मेमध्ये दुपारी लाइट गेलेली, बाहेर ४५, घरात सगळे कासावीस, मी बर्फ घातलेल्या टॉनिक वॉटरवर एस्प्रेसो ओतून सगळ्यांना एकेक ग्लास दिला. लाइट यायच्या आत ग्लास रिकामे.

पांझराकाठ, रात्री ९:५०

वाघूर, लिव्हरची कॉफी उत्तम होते हे मान्य, पण दोन गोष्टी तुम्ही सांगितल्या नाहीत. थंडीत धातूचा भाग आधी उकळत्या पाण्याने तापवावा लागतो, नाहीतर पाणी वाटेतच ८० वर येतं आणि कॉफी आंबट. आणि वाफेची नळी नाही. ताई दुधाची पितात. रोज सकाळी ऑफिसच्या घाईत दोन कप, एक दुधाचा, हे सगळं हाताने? मला विचाराल तर डीलाँगी डेडिकासारखं ५१ मिमीचं साधं पंपाचं मशीन बघा, सेलमध्ये किंवा वापरलेलं. त्याच्यासोबत येणारी बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळीची वाटी, दुहेरी तळाची असते, खाली एकच सुईएवढं भोक, त्यामुळे दळण कसंही असलं तरी फेस येतो, पण तो फेस फसवा असतो आणि ग्राइंडरचा फरक कळू देत नाही. बाजारात ५१ मिमीची साधी बास्केट आणि बिनतोटीचा पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा मुठीचा भाग) वेगळा मिळतो, तो घ्या. खालून उघडं असल्यामुळे धार कुठून फुटतेय ते डोळ्याला दिसतं आणि चुका लगेच कळतात.

वाघूर_डोह, रात्री १०:१०

तापवण्याचं खरं आहे, लिहायला हवं होतं. किटलीच्या तोंडावर लिव्हरचा पाणी ओतायचा धातूचा सिलेंडर दोन मिनिटं ठेवला की काम होतं. पण ७८० टीडीएस आणि १८० व्होल्ट ह्यावर तुमच्या मशीनकडे उत्तर नाही. पाणी मिसळा, स्टॅबिलायझर लावा, तेही वर्षानुवर्षं न चुकता. मी ते केलं नाही म्हणून माझं पहिलं पंपाचं मशीन दीड वर्षात गेलं.

दूधसंकलन_यावल, १४ सप्टेंबर, सकाळी ६:१०

दुधाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. फ्रेंच प्रेसमध्ये ६०-६५ अंशांचं दूध अर्ध्याच्या खाली घ्या, दांडा वीस-पंचवीस वेळा भराभर वरखाली करा, मग भांडं ओट्यावर दोनदा आपटून मोठे बुडबुडे फोडा. मऊ फेस येतो. ६५ च्या वर नेऊ नका, दुधाचा गोडवा जातो. म्हशीचं निर्भेळ दूध घेतलंत तर फेस जड होऊन लवकर बसतो आणि कॉफी दबते. फेस प्रोटीनमुळे धरतो, म्हणून टोन्ड दूध, ३ टक्के फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून बाकीचा घन भाग), छान फुलतं. घरी म्हैस असली तरी कॉफीला पिशवी आणा, म्हैस रागावणार नाही.

बियावाला, सकाळी ११:३०

बियांकडे वळा आता. पहिली गोष्ट, चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळलेली कॉफी ह्या कुठल्याच मशीनमध्ये घालू नका. दुकानातल्या फिल्टर कॉफीच्या पाकिटात ३०-४० टक्के चिकोरी असते, कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत चालते, ती पाण्यात फुगून चिकट होते आणि बास्केट तुंबते. पाकिटावर शंभर टक्के कॉफी आणि रोस्टची तारीख, दोन्ही बघून घ्या. भाजल्यापासून आठ-दहा दिवसांनी एस्प्रेसोला बिया चांगल्या लागतात, ताज्या ताज्या घातल्या तर वायूमुळे नुसता फेस उसळतो. पुण्या-मुंबईहून कुरिअरला तीन-चार दिवस जातातच, आपल्यासाठी ते बरंच आहे. सुरुवातीला मीडियम-डार्क घ्या, रोबस्टा ही कॉफीची जात थोडी मिसळलेली असेल तर साय जाड येते, आपल्या देशात रोबस्टाच जास्त पिकतो आणि चांगला पिकतो. उन्हाळ्यात पाव किलोपेक्षा जास्त उघडं ठेवू नका, आठवड्याच्या पुड्या करून हवाबंद फ्रीझरमध्ये टाका, एकदा काढलेली परत आत ठेवू नका.

अवांतर : कॉफी म्हटलं की सगळे चिकमंगळूरला जातात, पण आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी होते. कधी गेलात तर झाडं बघून या, लाल फळं लगडलेली बघणं ही वेगळीच मजा आहे.

हतनूर_काठ, १५ सप्टेंबर, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमनदादांनी सांगितलं तसं तीन दिवस संध्याकाळी मोजलं, १९४, १८८, २०१, आणि हा सप्टेंबर आहे. त्यावरूनच बरंच ठरलं. घेतलं की कळवतो.

हतनूर_काठ, ३ डिसेंबर, रात्री ८:४५

कळवायला उशीर झाला. ४८ मिमीचा हातग्राइंडर नवा घेतला, साधारण ११ हजार. हाताचं लिव्हर नाशिकच्या एका गृहस्थांकडून वापरलेलं ९ हजारांना मिळालं, वर दाबाचा काटा असलेलं, त्यांनी स्वतः समोर करून दाखवलं आणि दोन वायसर जादा दिले. ०.१ चा काटा आणि फ्रेंच प्रेस मिळून दीड. बिया पकडून २३ च्या आत बसलं.

वाढदिवसाच्या दिवशी तिला उठायच्या आत करून द्यायची म्हणून पहाटे पाचला उठलो. पहिला कप १४ सेकंदांत पळाला. चार क्लिक बारीक केलं तर दांडा दोन्ही हातांनी रेटला तरी दाबाचा काटा १० वर आणि खाली थेंब थेंब, ५० सेकंद झाल्यावर सोडून दिला. मग दोन क्लिक सैल. ह्या वेळी दांड्याला कसं जाणवलं ते सांगतो, भिजलेल्या कणकेत मूठ रुतते तसं, अडतं पण सरकतं. काटा ६ वरून ९ वर आला आणि तिथे थांबला, खाली धार धरली. वजनकाट्यावर ३६.४ ग्रॅम, घड्याळात २९ सेकंद. तेवढ्यात ती मागे येऊन उभी होती, दळण्याच्या आवाजाने उठलेली. पहिला घोट घेऊन काहीच बोलली नाही. अर्धा कप संपवला आणि म्हणाली, "अजून एक क्लिक बारीक कर," आणि ग्राइंडर माझ्या हातातून घेऊन स्वतःच दळायला बसली. मीडियम-डार्क बियांना मनगटाला काही झालं नाही.

तिची दुधाची होते व्यवस्थित. पाणी मूलद्रव्य सरांच्या हिशोबाने मिसळतोय, बाटलीवर पट्टी मारून ठेवलीय. कळणाभाऊ, पितळेचा फिल्टर पण घेतला, भाऊबीजेला नऊ जण होते, त्याच्याशिवाय निभलं नसतं. एक त्रास मात्र आहे, थंडी सुरू झाल्यापासून दळलेली पूड ग्राइंडरच्या डब्याला चिकटते, ओट्यावर टरफलं उडतात. हे कशाने?

दाळमिल_जळगाव, रात्री ९:०५

हवा कोरडी झाली. स्थिर वीज. आमच्याकडे थंडीत पोत्यांना भुसा असाच चिकटतो.

वाघूर_डोह, रात्री ९:२०

दळायच्या आधी बियांमध्ये पाण्याचा एक थेंब, चमच्याचा दांडा ओला करून हलवायचं, बास. एकही टरफल उडणार नाही. थेंब एकच हं, जास्त नको, बर ओला राहता कामा नये.

सातपुडा_पायथा, रात्री ९:४०

सप्टेंबरपासून वाचतोय, अजून घेतलं नाही. रविवारी भुसावळला येतोय, दांडा एकदा दाबून बघायला मिळेल का?

हतनूर_काठ, रात्री ९:४४

या की, जेवायलाच या. बामणोदची वांगी आणलीत, भरीत आणि कळण्याची भाकरी करतोय. फक्त सकाळी या, दुपारनंतर आमच्या बिया संपलेल्या असतात.